लावणीपूर्वीचे खत

मृगाचे दिवस जवळ आले की आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात घरोघरी खताची चर्चा सुरू होते. किती पोती आणावयाची आणि त्यांसाठी पैसा कोठून उभा करावयाचा, हेच तिचे विषय. ते खत केव्हा घालावयाचे, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. वास्तविक पोत्यासाठी मोजलेला पैसा पिकाच्या मुखी पडतो की पाण्याबरोबर वाहून जातो, हे पुष्कळ अंशी त्यावरच अवलंबून असते. परसातील वांग्या-मिरच्यांचा 10 चौरस मीटरचा एक वाफा डोळ्यांसमोर ठेवून आम्ही येथे त्याचा विचार करणार आहोत.

खतांचे स्वभाव दोन. काही खते घातली तेथेच बसून राहतात, तर काहींना पाय फुटतात. शेणखत, कंपोस्ट आणि स्फुरद देणारे सुपर फॉस्फेट ही पहिल्या जातीची. दुसऱ्या जातीत मुख्यतः नत्र येते. युरियाची पोती आपण आणतो ती याचसाठी. बसून राहणारे खत मुळांच्या वाटेवर आधीच नेऊन ठेवले पाहिजे आणि पळणारे खत, मुळे ते घ्यावयास सिद्ध होईपर्यंत, राखून ठेवले पाहिजे.

आपली जमीन काळी. शेजारचे तेलुगू बांधव तिला नल्लरेगडि म्हणतात आणि भूगोलाच्या पुस्तकातील ‘रेगूर’ हा शब्द त्यातूनच आला आहे. या मातीत पालाश सहसा पुरेसे असते, नत्र व सेंद्रिय अंश कमी, चुना भरपूर. हा चुना सुपर फॉस्फेटमधील स्फुरदास जखडून टाकतो. (आमची बोली कोकणी. तिकडच्या तांबड्या मातीत हेच काम लोह व ॲल्युमिनियम करतात; चोर वेगळे, चोरी तीच!) म्हणून वाफ्यास लागणारे सुमारे 300 ग्रॅम सुपर फॉस्फेट नुसते वर भुरभुरू नये. कुजलेल्या खतात कालवून ते मुळांच्या खोलीवर द्यावे, म्हणजे त्याचा मातीशी थेट संबंध कमी येतो.

उन्हाळ्यात वाफा खोल खणून तापू द्यावा. पहिला चांगला पाऊस पडून वाफसा आला, म्हणजे माती मुठीत दाबली असता गोळा होते पण हातास चिकटत नाही, की 20 ते 25 किलो कुजलेले खत पसरून वीतभर खोलीपर्यंत मिसळावे. यानंतर दोन आठवड्यांनी रोपे लावावी. ओल्या चिखलात मात्र कुदळ घालू नये. त्याची ढेकळे पुढे दगडासारखी होतात.

परंतु जूनमध्ये कुजलेले खत हवे असेल तर त्याचा ढीग फेब्रुवारीतच रचला पाहिजे. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूर येथे 1924 ते 1931 या काळात कंपोस्टची जी रीत बसविली, ती माळव्याच्या काळ्या मातीत, आपल्यासारख्याच कापसाच्या मुलखात. त्यांच्यापुढेही अडचण पऱ्हाट्यांचीच होती. हे लाकूड लवकर कुजत नाही. हॉवर्ड यांनी पऱ्हाट्या गाड्यांच्या वाटेवर पसरल्या. चाकांखाली त्यांचा चुरा झाला. तो गुरांच्या पायांखाली अंथरला, गोमूत्राने भिजला, मग शेण, माती व थोडी राख यांसह थरांनी रचून ओलसर ठेवला आणि मधूनमधून उलथला. सुमारे तीन महिन्यांत खत तयार! आपल्याकडे वेचणी संपल्यावर शेताशेतांतून पऱ्हाट्यांचा धूर निघतो. पोत्यांसाठी कर्ज काढणाऱ्या घरानेच हे धन जाळावे, याचे आम्हांस फार वाईट वाटते.

काही जण घाईने अर्धे कच्चे शेणखतच वाफ्यात टाकतात. ते कुजविणारे सूक्ष्म जीव स्वतःच्या वाढीसाठी मातीतील नत्र खातात आणि कोवळी रोपे पिवळी पडतात. शिवाय तणाचे बी व हुमणीच्या अळ्याही त्याबरोबर येतात. खत कुजले की त्याचा शेणाचा वास जातो व पावसाने भिजलेल्या मातीचा येतो. नाकाइतके स्वस्त यंत्र दुसरे नाही.

आता युरिया. ओल्या मातीत काही दिवसांत त्याचे अमोनियात व पुढे नायट्रेटमध्ये रूपांतर होते. नायट्रेटला माती धरून ठेवीत नाही. जोराच्या पावसात ते खाली झिरपते आणि पाणी साचले तर त्याचा वायू होऊन उडून जाते. लावणीपूर्वीच सगळा युरिया टाकला तर चार पानांचे रोप त्यातील कितीसे घेणार? वांग्याच्या वाफ्यास एकंदर सुमारे 200 ग्रॅम युरिया पुरे होतो. रोपे जीव धरल्यावर, म्हणजे लावणीनंतर 15 ते 20 दिवसांनी, त्याचा तिसरा हिस्सा द्यावा. उरलेले दोन हिस्से तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने. प्रत्येक वेळी खोडापासून चार बोटे दूर उथळ चर काढून त्यात तो घालावा आणि लगेच मातीने झाकावा. उघडा राहिल्यास आपल्या चुनखडीच्या मातीवरून त्याचा अमोनिया हवेत जातो. पाऊस ओढ देत असेल तर पाठोपाठ झारीने पाणी द्यावे आणि आभाळ भरून मोठी झड लागण्याचा रंग दिसत असेल तर डबा घरातच ठेवून चार दिवस थांबावे.