तहान एक टीएमसीची, पाळी सहा टीएमसीची

जुळे सोलापुरात पाण्याच्या दिवशी नळ आधी नुसता फुसफुसतो. मग गढूळ धार येते. ती बादलीभर सोडून दिली की हौद भरायची घाई. चार-पाच दिवसांआड येणारं हे पाणी टाकळीहून उपसून सोरेगावच्या शुद्धीकरण केंद्रातून येतं. आणि टाकळीपर्यंत? उजनी धरणातून, भीमेच्या उघड्या पात्रातून, दोनशेहून जास्त किलोमीटर वाहत.

हिशेब मांडून पाहा. टाकळीचा उपसा रोज आठ कोटी लिटर धरला, तर वर्षाचे झाले सुमारे 2,900 कोटी लिटर. म्हणजे जेमतेम एक टीएमसी. पण टाकळीला पाणी मिळावं म्हणून औज आणि चिंचपूरचे बंधारे भरायला उजनीतून एकेका पाळीला पाच-सहा टीएमसी सोडावं लागतं, आणि अशा पाळ्या वर्षात अनेक. वाटेत पंढरपूर, मंगळवेढ्याच्या योजनाही त्यावरच चालतात, हे मान्य. तरी मेळ बसत नाही.

नदीकाठचे पंप पाणी ओढतात, हे उत्तर सगळ्यांना पाठ आहे. पाळी सुरू असताना तिथली वीज म्हणूनच तोडतात. वाळूचं नाव मात्र कुणी घेत नाही. पात्रात शंभर मीटर रुंद आणि मीटरभर खोल कोरडी वाळू आहे, तिच्यात तीस टक्के पोकळी आहे, असं धरून चला. दोनशे किलोमीटरमध्ये ती 600 कोटी लिटर पाणी पिऊन टाकेल. टाकळीचा अडीच महिन्यांचा उपसा! वाळू भिजल्याशिवाय धार पुढे सरकत नाही. दोन पाळ्यांत अंतर वाढलं की ती पुन्हा वाळते, म्हणजे ऐन टंचाईत नदी सर्वांत महाग पडते.

2023 च्या अपुऱ्या पावसानंतर, 2024 च्या उन्हाळ्यात उजनी वजा साठ टक्क्यांच्या आसपास गेली. वजा म्हणजे रिकामी नव्हे. वापराचे सुमारे 53 टीएमसी संपून, तळच्या 63 टीएमसी मृतसाठ्यातलं निम्मं उचललेलं. पातळी अशी उतरली की उजनीतून शहराला येणाऱ्या जुन्या थेट जलवाहिनीलाही दुबार पंपिंग करावं लागतं.

रोज 17 कोटी लिटर क्षमतेची, 110 किलोमीटरची समांतर जलवाहिनी हा पात्रातल्या गळतीवरचा खरा इलाज; लोखंडी नळ वाळूसारखा पाणी पीत नाही. पण पात्रात मुरलेलं ते पाणी काठच्या विहिरींना पाझरत होतं. शहरासाठीच्या पाळ्या थांबल्या की ती गावं स्वतःसाठी पाळी मागणार, आणि त्यांना नाही म्हणणं अवघड जाईल.