इलेक्ट्रिक गाडी ब्रेक मारल्यावर थरथरते? गॅरेजला जाण्याआधी एवढं तपासा, नाहक खर्च वाचेल

हिरव्या नंबरप्लेटच्या गाड्या आता तालुक्याच्या गावांतही दिसू लागल्या आहेत. डिझेलचा खर्च नाही, इंजिन ऑइल नाही, त्यामुळे मालक खूश असतात. पण पावसाळा संपता संपता अनेकांची एक तक्रार सुरू होते. ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं, पेडल पायाखाली धडधडतं. काही ठिकाणी लगेच "चारही डिस्क बदला" असं सांगितलं जातं. दरवेळी तेवढ्याची गरज नसते. मात्र दुर्लक्षही करू नये, कारण प्रश्न ब्रेकचा आहे.

इलेक्ट्रिक गाडीतच हे जास्त का?

पेट्रोल-डिझेल गाडीत वेग कमी करण्याचं बरंचसं काम ब्रेक पॅड आणि डिस्क करतात. इलेक्ट्रिक गाडीत ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मोटरच जनरेटरसारखी चालते, वीज बॅटरीत परत जाते आणि गाडी हळू होते. यालाच 'रिजन' म्हणतात. यामुळे पॅड कमी झिजतात, हा फायदा.

तोटा असा की डिस्क बिडाची असते आणि घासली गेली नाही की गंजते. रात्रभर पावसात उभ्या गाडीच्या डिस्कवर सकाळी तांबूस थर दिसतो, तो चार-पाच वेळा ब्रेक मारल्यावर निघून जातो. पण गाडी आठवडेच्या आठवडे ओलीत उभी राहिली, तर पॅड टेकलेल्या जागी वेगळा डाग पडतो. डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही. मग चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला पॅडला धक्का बसतो आणि तोच पायाला जाणवतो. चिखलाच्या रस्त्याने जाणाऱ्या गाडीत कॅलिपरच्या पिना जाम होतात, पॅड डिस्कला चिकटून राहतो आणि डिस्क तापते, ते वेगळंच.

दोष कुठे आहे, कसं ओळखायचं?

मोकळा, सरळ, सपाट रस्ता बघून हळूहळू तपासा. घाटात किंवा रहदारीत हे प्रयोग करू नका.

• ब्रेक न लावताही ठरावीक वेगाला थरथर येते: बहुतेक वेळा चाकाचं बॅलन्सिंग, वाकलेली रिम किंवा टायर. आधी टायरवाल्याकडे जा.

• ब्रेक दाबल्यावरच येते: स्टिअरिंग थरथरत असेल तर बहुधा पुढची चाकं. सीटखाली जाणवत असेल तर मागची.

• वेग कमी होईल तशी धडधड मंद होते: डिस्कचा संशय घ्या.

• जोरात ब्रेक मारल्यावर किंवा खडीवर पेडल टरटर करतं: ते एबीएसचं काम आहे, बिघाड नाही.

• ब्रेकला पायही न लावता, फक्त ॲक्सिलरेटर सोडल्यावर गाडी हिसके देते: दोष ब्रेकचा नसावा. मोटरचं माउंटिंग किंवा ॲक्सल तपासून घ्या.

रिजनची पातळी कमी करता येत असेल तर ती शून्यावर ठेवून हलका ब्रेक लावून बघा. थरथर वाढली तर दोष डिस्क-पॅडच्या बाजूला आहे.

उपाय काय?

गंज वरवरचा असेल तर रिजन कमी करून, मोकळ्या रस्त्यावर साधारण ५०-६० च्या वेगावरून १५-२० पर्यंत मध्यम जोराने ब्रेक लावा. असं आठ-दहा वेळा करा. दोन वेळांच्या मध्ये थोडं अंतर चालवून डिस्क थंड होऊ द्या. बऱ्याच वेळा एवढ्यावर काम भागतं.

तरीही थरथर राहिली तर गॅरेज गाठा. चांगला मिस्त्री आधी चाक काढून हबवरचा गंज तारेच्या ब्रशने साफ करतो. हबवर गंजाची खपली राहिली तर नवी डिस्कही वाकडी बसते. मग डायल गेज लावून डिस्क किती डुलते ते मोजतो. हे माप मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतं, नुसत्या नजरेने कळत नाही. त्यामुळे न मोजता "डिस्क गेली" म्हणणाऱ्याला माप विचारा.

जाडी शिल्लक असेल तर डिस्क मशीनवर घासून घेता येते. किमान जाडी बहुधा डिस्कवरच कोरलेली असते, त्याखाली गेली तर बदलणंच योग्य. बदलताना एका ॲक्सलच्या दोन्ही बाजूंच्या डिस्क आणि पॅड एकदम बदला. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क पान्याने आवळायला सांगा. एअर गनने कमी-जास्त आवळले की डिस्क पुन्हा डुलायला लागते.

घरी हात घालताना सावधान

बॅटरी गाडीच्या पोटाखाली असते. जॅक कंपनीने दाखवलेल्या जागीच लावा. नारिंगी रंगाच्या केबलला हात लावू नका. डिस्क किंवा पॅडला ऑइल, ग्रीस लागू देऊ नका. मागे इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर मागचे पॅड जाणकाराकडूनच बदलून घ्या.

पुन्हा होऊ नये म्हणून

आठवड्यातून एकदा तरी ब्रेकचा नीट वापर करा. घाट उतरून आल्यावर तापलेल्या चाकांवर लगेच पाणी मारू नका. बॅटरी १०० टक्के भरलेली असताना रिजन कमी काम करतं, त्यामुळे वरच्या गावातून फुल चार्ज करून उतरताना वेग आधीपासूनच कमी ठेवा. ब्रेक ऑइल मॅन्युअलमध्ये दिलेल्या मुदतीत बदला. ब्रेक कमी वापरले तरी ते ओल धरतं.

तेव्हा मात्र गाडी चालवू नका

पेडल मऊ होऊन खाली जातं, गाडी एका बाजूला ओढते, चाकातून जळका वास येतो किंवा ब्रेकचा लाल दिवा लागतो, यातलं काहीही झालं तर गाडी बाजूला घ्या. दोरीने ओढत नेऊ नका. मोटरला जोडलेली चाकं फिरली तर मोटरचं नुकसान होऊ शकतं. चारही चाकं वर घेणारी टोइंग गाडीच बोलवा.

सर्व्हिस सेंटरला गेल्यावर "ब्रेक बघा" एवढंच सांगू नका. कोणत्या वेगाला, स्टिअरिंगला की सीटखाली, ब्रेक दाबल्यावर की न दाबता, हे जॉब कार्डवर लिहून घ्या. गाडी वॉरंटीत असेल तर हीच नोंद पुढे कामी येते.