एक्सपीवरची एसएसडी मंद का होते?

विंडोज एक्सपीच्या जुन्या संगणकात एसएसडी बसवली की सुरुवातीला तो पळतो; पुढे मात्र फाइल लिहिताना अडखळू लागतो. याचं कारण फ्लॅश मेमरीच्या स्वभावात आहे.

हार्डडिस्कवर जुन्या मजकुरावरच नवा मजकूर लिहिता येतो. फ्लॅशमध्ये ते जमत नाही. तिथे लिहिलं जातं काही किलोबाइटच्या पेजमध्ये. पुसायचा मात्र अख्खा ब्लॉक, आणि एका ब्लॉकमध्ये शंभराहून जास्त पेजेस असतात. म्हणून फाइल बदलली की एसएसडीचा कंट्रोलर नवी आवृत्ती कोऱ्या पेजवर लिहितो, आपल्या नकाशात पत्ता बदलतो आणि जुनं पेज बाद धरतो.

कोरी पेजेस कमी पडू लागली की गार्बेज कलेक्शन सुरू होतं. कंट्रोलर बरीच बाद पेजेस असलेला ब्लॉक निवडतो, त्यातली चालू पेजेस दुसरीकडे उतरवतो आणि मग ब्लॉक पुसतो. चालू पेजेस जितकी जास्त, तितकी उतरवाउतरवी जास्त. त्यात वेळ जातो आणि फ्लॅश झिजते.

खरी गोची फाइल डिलीट करताना होते. ऑपरेटिंग सिस्टीम फक्त स्वतःच्या नोंदीत ती जागा मोकळी दाखवते. भाडेकरू खोली सोडून गेला, पण घरमालकाला कुणी सांगितलंच नाही, असा हा प्रकार. डिलीट केलेला सिनेमा एसएसडी चालूच समजते आणि दर साफसफाईत इकडून तिकडे हलवत राहते. ही खबर देणारी ट्रिम आज्ञा विंडोज ७ मध्ये २००९ साली आली. एक्सपी आणि व्हिस्टा ती स्वतःहून पाठवत नाहीत. तिथे त्याच पत्त्यावर पुन्हा काही लिहिलं, तरच जुनं पेज बाद ठरतं.

एक्सपीची आणखी एक खोड म्हणजे तिचं पहिलं पार्टिशन ६३व्या सेक्टरपासून सुरू होतं. ही जागा ४ किलोबाइटच्या पटीत बसत नाही, त्यामुळे एका पेजपुरतं लिखाण दोन पेजेसवर पसरतं. पार्टिशन विंडोज ७ मध्ये पाडून त्यावर एक्सपी बसवली, तर हे टळतं.

ट्रिमची उणीव मोकळ्या जागेने बरीचशी भरून निघते. एसएसडीचा दहा-वीस टक्के भाग पार्टिशनबाहेर ठेवावा. जिथे कधी काही लिहिलंच नाही, ती जागा कंट्रोलरला उतरवाउतरवीसाठी मिळते. एसएसडी वापरलेली असेल, तर पार्टिशन पाडण्याआधी डेटाचा बॅकअप घेऊन सिक्युअर इरेज करावं. नाहीतर रिकामा ठेवलेला भागही कंट्रोलरच्या लेखी जुन्या फाइलींनी भरलेलाच राहतो.