पडद्यावरचा प्रलय, पर्जन्यमापकातला पाऊस

चित्रपटातल्या चुका शोधणे हा अनेक रसिकांचा आवडता उद्योग असतो. नायकाच्या शर्टाचे एक बटण एका दृश्यात लागलेले, तर पुढच्या क्षणी उघडे. पेल्यातले सरबत पिऊनही वाढलेले. याला सिनेमाच्या धंद्यात कंटिन्युइटीची चूक म्हणतात. चित्रपट पटकथेच्या क्रमाने चित्रित होत नाही. सकाळी शेवट, दुपारी सुरुवात आणि महिनाभराने मधला भाग, असा प्रकार असतो. त्यामुळे कोणत्या दृश्यात केस किती ओले होते आणि भिंतीवर पाण्याची खूण कुठे होती, हे टिपून ठेवणारा एक माणूस सेटवर लागतो. आपत्तिपटात त्याचे काम सर्वांत अवघड, कारण तिथे पाणी, चिखल, बर्फ आणि मोडतोड यांतली प्रत्येक गोष्ट दर क्षणाला बदलत असते.

या प्रकारातला सर्वांत गाजलेला हवामानपट म्हणजे रोलंड एमेरिक यांचा 2004 चा ‘द डे आफ्टर टुमॉरो’. आर्ट बेल आणि व्हिटली स्ट्रीबर यांच्या 1999 च्या पुस्तकावरून त्याची कल्पना सुचली. जागतिक तापमानवाढीने अटलांटिकमधला उष्ण पाण्याचा प्रवाह थांबतो आणि काही दिवसांत उत्तर गोलार्ध गोठतो, अशी ही कथा आहे. तिची सुरुवातीची एक परिषद दिल्लीत भरते आणि त्या दिल्लीत चक्क बर्फ पडत असतो. दिल्लीतला पारा क्वचित शून्याखाली गेलेला आहे, पण शहरात हिमवर्षाव झाल्याची नोंद नाही. अर्थात हा हवामान बिघडल्याचा इशारा म्हणून दाखवलेला आहे, तेव्हा त्याला चूक म्हणण्याची घाई नको.

खऱ्या चुका पुढे आहेत. न्यूयॉर्कवर येणारी लाट स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याला जवळपास गिळते. तीच लाट सार्वजनिक ग्रंथालयापाशी पोहोचते, तेव्हा वरच्या मजल्यांवरची माणसे सुखरूप राहतात. नंतर एक मालवाहू जहाज त्याच रस्त्यावरून तरंगत येते. समुद्रगामी जहाजाचा पाण्याखालचा भाग कित्येक मीटर खोल असतो. ते तरंगायला जेवढे पाणी लागेल, तेवढ्यात ग्रंथालयाचे खालचे दालन पार बुडायला हवे. ही कंटिन्युइटीची चूक आहे, पण शर्टाच्या बटणाची नाही. एकाच पाण्याची उंची दृश्यागणिक सोयीप्रमाणे बदलते आहे.

थंडीचेही तसेच. स्कॉटलंडवर हेलिकॉप्टरमधला वैमानिक दार उघडताच गोठून मरतो. तापमान उणे 150 अंश फॅरेनहाइट, म्हणजे उणे 101 अंश सेल्सिअस सांगितले आहे. पृथ्वीच्या पृष्ठभागावर आजवर मोजलेली नीचांकी नोंद अंटार्क्टिकातल्या व्होस्टोक येथील, 1983 सालची, उणे 89.2 अंशांची आहे. मग हीच थंडी ग्रंथालयात शिरते तेव्हा लाकडी दार लोटून आणि पुस्तकांची शेकोटी पेटवून नायक वाचतो कसा? बाहेर क्षणात मरण आणि आत एका दाराने बचाव, हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाही.

सगळ्यात मजेशीर चूक मात्र चित्रपटाने स्वतःच बोलून दाखवली आहे. वातावरणाच्या वरच्या थरातली अतिथंड हवा वेगाने खाली येते, असा त्यातला सिद्धांत. एक पात्र विचारते, खाली येताना ती हवा तापायला नको का? उत्तर मिळते, तापायला हवी, पण ती फार वेगाने उतरते आहे. प्रश्न बिनचूक आहे, उत्तर उलटे. सायकलच्या पंपाने हवा भरताना नळी गरम होते, कारण दाबली गेलेली हवा तापते. आकाशातली हवा खाली उतरताना भोवतालच्या दाबाने अशीच दाबली जाते आणि दर किलोमीटरला सुमारे 10 अंश तापते. ती जितक्या वेगाने उतरेल, तितका उष्णता बाहेर टाकायला अवधी कमी, म्हणून तापण्याचा हिशेब अधिक काटेकोर लागू होतो. दहा किलोमीटर उतरलेली हवा शंभर अंशांनी तापलेली असेल.

शिवाय चक्रीवादळाचे इंधन म्हणजे उबदार समुद्राची वाफ. जमिनीवर आले की ते दुबळे होते. चित्रपटातली महावादळे मात्र खंडांवर बसून जोर धरतात.

इतके असूनही मूळ कल्पना निराधार नाही. सुमारे 12,900 वर्षांपूर्वी उत्तर अटलांटिकच्या परिसरात अचानक थंडी परतली आणि हजाराहून अधिक वर्षे टिकली. महासागरी अभिसरण मंदावणे हे त्याचे प्रमुख कारण मानले जाते. आजही हा प्रवाह क्षीण होण्याची चिंता अभ्यासक व्यक्त करतात, पण त्यांचा हिशेब दशकांचा आणि शतकांचा असतो. चित्रपटाने काळ चुरगाळून आठवड्यात बसवला.

इथे कुणी म्हणेल, सिनेमा आहे, एवढे काय मनावर घ्यायचे? हा आक्षेप रास्त आहे. चित्रपट आल्यावर अमेरिकेत झालेल्या अँथनी लाइझरोविट्झ यांच्या पाहणीत प्रेक्षकांची हवामानबदलाविषयीची काळजी वाढल्याचे आढळले. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात मात्र काळजी वाढूनही, हवामानबदलामुळे असे टोकाचे प्रसंग घडतील यावरचा विश्वास कमी झालेला दिसला. म्हणजे अतिशयोक्ती घाबरवते, आणि त्याच वेळी ‘हे काही खरे नव्हे’ असा दिलासाही देते. आपले खरे नुकसान इथे आहे, आणि ते समजायला न्यूयॉर्कला जायची गरज नाही.

हा चित्रपट आल्याच्या पुढच्याच वर्षी 26 जुलै आला. 27 तारखेच्या सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेने 944 मिलिमीटर पाऊस नोंदवला. तिथल्या अख्ख्या जुलै महिन्याच्या सरासरीहून तो अधिक होता. त्याच काळात कुलाब्याला जेमतेम 73 मिलिमीटर. एकाच शहरात, पंचवीस-एक किलोमीटरच्या आत, एका टोकाला प्रलय आणि दुसऱ्या टोकाला मुंबईचा नेहमीचा पावसाळी दिवस. एखाद्या दिग्दर्शकाने हे असे चित्रित केले असते, तर प्रेक्षकांनी खात्रीने कंटिन्युइटीची चूक म्हणून बोट ठेवले असते. निसर्गाला कंटिन्युइटी पाळावी लागत नाही.

आणि त्या दिवशी लाट आलीच नाही. पाणी चढत गेले. पाऊस, मिठी नदी आणि समुद्राची भरती एकत्र आली, आणि गटारांना पाणी सोडायला जागा उरली नाही. साकीनाक्याला दरड कोसळली. काही माणसे काचा वर करून बंद गाडीत बसून राहिली आणि गुदमरून गेली. रायगडात महाड तालुक्यातल्या जुई, दासगाव, कोंडिवते, रोहन या गावांवर डोंगर आले. पाणी ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिसची साथ पसरली. पडद्यावरचा पूर ओसरला की नायक-नायिका भेटतात आणि नामावली सुरू होते. खऱ्या पुराचा दुसरा अंक तिथून सुरू होतो. कुणाल देशमुख यांच्या ‘तुम मिले’ (2009) या हिंदी चित्रपटाने हाच दिवस निवडला, पण त्यातही मुख्य गोष्ट प्रेमाची आहे, पूर ही पार्श्वभूमी.

त्या आठवड्यातली एक घटना या लेखाच्या विषयाशी थेट जोडलेली आहे. 28 जुलैच्या रात्री जुहूच्या नेहरूनगर वस्तीत धरण फुटल्याची, त्सुनामी येत असल्याची अफवा पसरली. लोक अंधारात धावत सुटले आणि चेंगराचेंगरीत किमान पंधरा माणसे मेली. सात महिन्यांपूर्वीची त्सुनामी दूरदर्शनवर सर्वांनी पाहिलेली होती. एका चित्रपटावर याचा ठपका ठेवणे अन्यायाचे होईल. पण मनात प्रलयाचे एकच चित्र, उभ्या लाटेचे, घट्ट बसले असेल, तर अंधारात ऐकलेला एक शब्दही जीवघेणा ठरतो.

आता हेच ओव्यात आणून पाहू. पनवेल तालुक्यातले ओवे हे खारघरच्या डोंगराजवळचे गाव, आज पनवेल महानगरपालिकेचा भाग. वर डोंगर, खाली खाडी आणि मधल्या जमिनीवर भराव घालून उभे राहिलेले शहर. पटकथाकार इथे खाडीतून दहा मजली लाट आणील. प्रत्यक्षात धोका संथ आहे. पांडवकड्याच्या बाजूने वेगाने उतरणारे पाणी खाली येते, आणि तेव्हाच खाडीला उधाण असेल तर ते अडते. 2005 मध्ये गाढी नदीकाठचे पनवेल आणि शेजारचे कळंबोली पाण्याखाली गेले, ते असेच.

या भागातल्या आगरी शेतकऱ्याला हे गणित पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. खारजमिनीच्या बांधाला उघाडी असते. भरतीच्या दाबाने तिचे झडप मिटते, ओहोटीला आतल्या पाण्याने उघडते. सिडकोने नवी मुंबई वसवताना वाशी, बेलापूर, कळंबोली इथे धारण तलाव केले, ते याच तत्त्वावर: भरती असेपर्यंत पाऊस तलावात साठवायचा, ओहोटी लागली की सोडायचा. पुढे तलावांत गाळ साचला, त्यात कांदळवन वाढले. ते तोडायला न्यायालयाची परवानगी लागते, आणि कांदळवन किनाऱ्याचे रक्षण करते म्हणून तशी ती लागलीच पाहिजे. ही गुंतागुंत पडद्यावर दाखवायची कशी? गाळाला संवाद नसतात.

म्हणून हवामानपटातल्या चुका शोधण्याचा उद्योग जरूर करावा, फक्त शर्टाच्या बटणापाशी थांबू नये. पाणी कुठून आले, किती वेळात चढले, कुठे अडले आणि ओसरल्यावर काय झाले, हे चार प्रश्न पडद्याला विचारावेत. पुढच्या पावसाळ्यात तेच प्रश्न आपल्या गल्लीतल्या नाल्याला विचारता येतात, आणि भरतीचे वेळापत्रक वर्षभर आधी छापून तयार असते.