दगडाला सोबत कुणाची?

ट्रेकहून परतताना बॅगेत दोन-चार दगड येतातच ना? दख्खनच्या बेसॉल्टमधून सुटलेले अकीक, गारगोट्या नदीपात्रात दिसतात. त्यांना चमक आणायला व्हायब्रेटरी टम्बलर घेणार असाल, तर फिलरचा विचार आधी करा.

या मशीनचं भांडं थरथरतं. आतली सिलिकॉन कार्बाइडची पावडर दगड घासते. पण नुसते मोठे दगड टाकले, की ते एकमेकांवर आपटतात आणि कडांचे टवके उडतात. मधल्या जागा भरायला, धक्का झेलायला फिलर लागतो.

सिरॅमिक : जड, टिकाऊ. पावडर दगडाच्या खाचांत पोहोचवतं. अकीकाची कठीणता मोह्स मापावर ६.५ ते ७, त्यामुळे त्याच्यासाठी हेच बेस्ट. लहान-मोठे तुकडे मिसळा. नीट धुतलं की पुन्हा वापरता येतं.

प्लास्टिकचे दाणे : हलके, धक्का छान झेलतात. फ्लोराइटसारख्या (कठीणता ४) मऊ दगडांना बरे. पण पावडर त्यांत रुतून बसते आणि धुऊनही निघत नाही. म्हणून प्रत्येक टप्प्याचे दाणे वेगळे, डब्यावर लेबल लावून ठेवा. जाड पावडरीतला एक दाणा पॉलिशमध्ये गेला, तरी इतक्या दिवसांच्या मेहनतीवर ओरखडे!

अक्रोडाच्या कवचाचा चुरा : फक्त शेवटच्या कोरड्या पॉलिशला.

आणि हो, उरलेला गाळ बेसिनमध्ये ओतू नका. तो पाइपात सिमेंटसारखा घट्ट बसतो. मग चमक दगडाला आणि बोलणी तुम्हाला!