दिवाणाची बटाई आणि कराराचे गणित

बुरहानपूर हे तापीकाठचे शहर मोगल अमदानीत खानदेश सुभ्याचे मुख्य ठाणे होते. आणि कष्टकऱ्याशी कोणत्या हिश्शाने करार करावा, या ज्या प्रश्नावर आजचे संस्थात्मक अर्थशास्त्र समीकरणे मांडते, त्याचे एक व्यवहारी उत्तर याच मुलखाच्या महसुली इतिहासात आढळते. औरंगजेबाच्या दख्खनच्या दुसऱ्या सुभेदारीत मुर्शिद कुली खान आधी बालाघाटचा आणि १६५६ मध्ये खानदेशासह पाईनघाटचाही दिवाण झाला. त्याच्या बटाईत, म्हणजे पिकाच्या वाटणीत, पावसावरच्या पिकाचा निम्मा, विहिरीवरच्या धान्याचा एकतृतीयांश आणि ऊस-द्राक्षांसारख्या खर्चिक पिकांचा नवव्यापासून चौथ्यापर्यंत हिस्सा सरकारजमा होई.

हिश्शाने कसणारे कूळ पुरते राबत नाही, असा आक्षेप आल्फ्रेड मार्शलने १८९० मध्ये घेतला. १९७४ मध्ये जोसेफ स्टिग्लिट्झने दाखविले की, वाटणीमुळे उमेद घटते हे खरे, परंतु दुष्काळाचा भारही वाटला जातो. बेंग्ट होल्मस्ट्रॉम आणि पॉल मिलग्रॉम यांनी १९८७ मध्ये ज्या सरळ कराराची उपपत्ती मांडली, त्यात उत्पन्न म्हणजे श्रम अधिक दैव, आणि कष्टकऱ्याचा इष्ट हिस्सा म्हणजे १ ÷ (१ + जोखीमभय × श्रमभार × अनिश्चितता). हा गुणाकार १ असेल तर हिस्सा १/२ येतो. विहिरीने अनिश्चितता निम्मी झाली तर तोच २/३ होतो आणि सरकारला १/३ उरतो, म्हणजे दिवाणाचे दोन्ही दर मिळतात. मात्र या जुळणीला पुरावा मानता येत नाही, कारण मोट हाकण्याने श्रमभारही वाढतो आणि सूत्र उलट दिशेस ओढते. तेथे ग्रॉसमन व हार्ट या अर्थशास्त्रज्ञांचा १९८६ चा विचार उपयोगी पडतो: ज्याने विहिरीत स्वतःचे द्रव्य घातले, त्याच्या फळावर दुसऱ्याचा हक्क वाढला, तर पुढे विहीर खोदण्यास कोणी धजणार नाही.

बटाईला खळ्यावर राखणदार लागत, आणि ही देखरेखही खर्चाचीच बाब होती. मोजणी-देखरेखीचा हाच प्रश्न मागावरही येतो: बुरहानपूरच्या यंत्रमागांवर मीटरमागे मजुरी असली, तर कापडाची लांबी मोजणे सोपे जाते. पण तुटलेला धागा जोडण्यासाठी माग थांबविणारा कारागीर आपलीच कमाई गमावतो. होल्मस्ट्रॉम-मिलग्रॉम यांच्या १९९१ च्या निबंधाचा सिद्धान्त हाच की, अनेक कर्तव्यांपैकी मोजता येणाऱ्या एकाच कर्तव्यास बक्षीस दिले, तर न मोजलेली कर्तव्ये मागे पडतात. हार्ट व होल्मस्ट्रॉम यांना २०१६ मध्ये नोबेल मिळाले, ते करारविषयक अशाच विवेचनासाठी.

म्हणून मजुरीचा वा वाट्याचा दर ठरविणाऱ्याने, मग तो दिवाण असो, सहकारी संस्था असो की मागमालक, तीन गोष्टींचा निवाडा आधी केला पाहिजे: दैवाचा फटका कोण सोसणार, भांडवल कोणी घातले, आणि जे मोजता येत नाही त्याची कदर कशी व्हावी. या तिन्हींची उत्तरे न देता ठरविलेला दर कागदावर कितीही चोख दिसला, तरी त्याचा बोजा अखेर सर्वांत दुर्बळ पक्षाच्या माथी पडतो, आणि असा करार न्याय्यही नसतो व टिकाऊही नसतो.