टोल चुकविण्याच्या युक्त्या आणि टोलविषयीचे हक्क

लातूरहून अहमदपूर-लोहा या मार्गाने नांदेडला आणि तेथून अर्धापूरवरून वारंगा फाट्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ हा मराठवाड्याच्या या भागाचा आज प्रमुख व्यवहारमार्ग झाला आहे. लातूरच्या आडत बाजारातून निघालेले सोयाबीन-तुरीचे ट्रक, हुजूर साहिबच्या दर्शनासाठी थेट पंजाबातून आलेल्या भाविकांच्या मोटारी, पुण्याकडे रात्रभर धावणाऱ्या ट्रॅव्हल्स, आणि वारंग्याला येऊन मिळणाऱ्या १६१ क्रमांकाच्या महामार्गाने देगलूरवरून तेलंगणात जाणारी मालवाहतूक, असा हा अहोरात्र चाललेला राबता आहे. या राबत्याबरोबर धाब्यांवरील गप्पांतून, गॅरेजांतील सल्ल्यांतून आणि मोबाइलवर येणाऱ्या संदेशांतून टोल कसा चुकवावा याविषयीचे एक अलिखित शास्त्रही गावोगाव फिरत असते. नंबर प्लेटवर अमुक फवारा मारला की कॅमेऱ्याला आकडे दिसत नाहीत, फास्टॅग चांदीच्या कागदात गुंडाळला की तो मुका होतो, गाडी पुरेशा वेगाने काढली की छायाचित्र पुसट येते, अशी त्याची सूत्रे आहेत. आणि ती सांगणाऱ्याच्या स्वरात असा काही आत्मविश्वास असतो की, ऐकणाऱ्यास शंका घेण्याचे धैर्य होत नाही. या सूत्रांची शांतपणे छाननी करणे आवश्यक आहे, कारण ती केल्यावाचून त्यांच्या आड दडलेली दुसरी, अधिक महत्त्वाची गोष्ट आपल्या दृष्टीस पडणार नाही.

या साऱ्या युक्त्यांच्या मुळाशी एकच गृहीतक आहे, ते असे की नाक्यावर एक डोळा बसविलेला असून तो चुकविला की काम भागले. वस्तुस्थिती निराळी आहे. राष्ट्रीय महामार्गावरील नाक्याच्या प्रत्येक मार्गिकेत एकमेकांवर अवलंबून नसलेले अनेक साक्षीदार उभे असतात. पहिला साक्षीदार म्हणजे माथ्यावरील रेडिओ वाचकयंत्र. फास्टॅगमध्ये बॅटरी नसते. वाचकयंत्राने सोडलेल्या रेडिओलहरींतूनच त्यातील सूक्ष्म चकती ऊर्जा घेते आणि आपला क्रमांक परत कळविते. दुसरा साक्षीदार म्हणजे वाहनाची उंची, लांबी आणि आसांची संख्या मोजून ते मोटार आहे, बस आहे की बहुआसी ट्रक आहे हे ठरविणारी स्वयंचलित वर्गीकरण यंत्रणा. तिसरा साक्षीदार नंबर प्लेटचे छायाचित्र घेणारा कॅमेरा, आणि चौथा संपूर्ण मार्गिकेचे चित्रण करणारा कॅमेरा. या चौघांच्या जबान्या संगणकाच्या दप्तरी एकत्र येतात, आणि त्यांत विसंगती आढळली म्हणजे ते प्रकरण माणसाच्या डोळ्यांखालून जाते. तात्पर्य, एका साक्षीदाराला गप्प केल्याने वाहन अदृश्य होत नाही; उलट त्या विसंगतीमुळेच ते शेकडो वाहनांतून वेगळे निघते.

आता एकेक युक्ती तपासून पाहू. प्लेटवर चकाकणारा फवारा मारण्याची किंवा पारदर्शक आच्छादन बसविण्याची कल्पना जुन्या कॅमेऱ्यांच्या काळातील आहे. फ्लॅशचा प्रखर प्रकाश परावर्तित होऊन आकडे पांढरे फटक पडतील, ही त्यामागील अपेक्षा. परंतु नंबर प्लेटचा पृष्ठभाग मुळातच, येणारा प्रकाश आल्या दिशेने परत पाठविणाऱ्या थराचा बनविलेला असतो, आणि क्रमांक वाचणारे कॅमेरे त्याच गुणाचा उपयोग करून घेतात. ते डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश टाकतात, प्रकाशाचे प्रमाण बदलून एकाच वाहनाची अनेक चित्रे घेतात आणि त्यांतील सर्वांत स्पष्ट असेल ते वाचतात. ‘मिथबस्टर्स’ या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेत २००७ साली अशा फवाऱ्यांची आणि आच्छादनांची जाहीर परीक्षा झाली, तेव्हाही त्यांचा काही उपयोग झाला नाही. कॅमेरे त्यानंतर कितीतरी पटींनी सुधारले आहेत.

वेगाच्या युक्तीचा हिशेब तर शाळकरी मुलालाही करता येईल. ताशी १२० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ३३ मीटर. कॅमेऱ्याची झडप सेकंदाचा हजारावा भाग उघडी राहिली, तर तेवढ्यात वाहन साधारण ३.३ सेंटिमीटर पुढे सरकते, आणि ते कॅमेऱ्याच्याच दिशेने येत असल्यामुळे चित्रात होणारे स्थानांतर त्याहून पुष्कळच कमी भरते. दृष्टिक्षेप वीस मीटरांचा धरला आणि सेकंदाला २५ चित्रे घेतली जातात असे मानले, तरी त्या वेगातही पंधरा चित्रे मिळतात. त्यातून ज्या नाक्यावर दांडा आडवा असतो तेथे हा वेग जिवावरच बेतेल, आणि तेथे हातात पावतीबुक घेऊन उभा असलेला कर्मचारी हाही कोणाचा तरी मुलगा असतो, हे विसरता कामा नये.

पावसाळ्यात आपल्या भागातील काळी माती चाकांना, बंपरला आणि प्लेटलाही लपेटून राहते, यात गाडीवानाचा दोष नसतो. पण ती मुद्दाम तशीच राहू देण्याने काही साधते असे समजणे व्यर्थ आहे. फास्टॅग प्लेटकडे पाहून वाचला जात नाही. आणि क्रमांक स्पष्ट व वाचनीय ठेवण्याचे बंधन केंद्रीय मोटार वाहन नियमांनी वाहनमालकावर घातलेले असल्यामुळे चिखलाने झाकलेली प्लेट स्वतःच दंडास कारण होते. ४१४१ या आकड्यांना ‘दादा’ आणि ८०५५ यांना ‘बॉस’ असे रूप देण्याची हौस एमएच २४ आणि एमएच २६ या दोन्ही क्रमांकांच्या गाड्यांवर पाहावयास मिळत आली आहे, तिलाही हाच नियम लागू आहे. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना आणि पुढे महाराष्ट्रात जुन्या वाहनांनाही सक्तीची झालेली उच्च सुरक्षा प्लेट ठराविक वळणाच्या अक्षरांची, अशोकचक्राच्या होलोग्रामची, लेसरने कोरलेल्या कायम क्रमांकाची आणि एकदा बसविल्यावर न तोडता काढता न येणाऱ्या कुलपाची असते, ती याच कारणासाठी.

दुसऱ्याच्या गाडीचा क्रमांक आपल्या गाडीला लावणे ही युक्ती मात्र वरील युक्त्यांच्या पंक्तीस बसत नाही, कारण तो सरळसरळ फौजदारी स्वरूपाचा गुन्हा आहे. शिवाय त्याचा भुर्दंड शासनाला पडत नाही. जिने नांदेड कधी पाहिलेही नसेल अशा कोणा शिक्षिकेच्या किंवा निवृत्त कारकुनाच्या नावे चलन निघते, आणि निरपराध असल्याचे सिद्ध करण्यासाठी त्यांना कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतात.

फास्टॅग कागदात गुंडाळणे अथवा काचेवर न चिकटवता हातात धरून सोयीनुसार दाखविणे, याचे फळ तर ताबडतोब मिळते. धातूच्या आवरणातून रेडिओलहरी जात नाहीत हे खरे. पण टॅग वाचला गेला नाही म्हणजे वाहन टॅगविनाच ठरते, आणि १५ नोव्हेंबर २०२५ पासून अशा वाहनास रोख भरल्यास दुप्पट व यूपीआयने भरल्यास सव्वापट शुल्क द्यावे लागते. सुट्या टॅगांची नोंद करून ते काळ्या यादीत घालण्याचे धोरण राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्येच जाहीर केले आहे. मोटारीचा टॅग टेम्पोला लावला, तर वर्गीकरण यंत्रणा आणि टॅग यांच्या जबान्यांत अंतर पडते आणि फरकाची रक्कम मागाहून वसूल होते. दांड्याविना नाक्यांचा काळही सुरू होत आहे. गुजरातमधील चोऱ्यासी येथील नाक्यासाठी ऑगस्ट २०२५ मध्ये या पद्धतीचा पहिला करार झाला. तेथे थांबणे नाही. थकबाकी वाहनाच्या नावावर चढते, आणि जानेवारी २०२६ च्या नियमदुरुस्तीनुसार ती फेडल्याखेरीज मालकी हस्तांतरणाचा ना-हरकत दाखला अथवा योग्यता प्रमाणपत्राचे नूतनीकरण मिळत नाही.

यंत्रांविषयीच्या या भ्रमांच्या जोडीला नियमांविषयीचे भ्रमही तितकेच प्रबळ आहेत. बारा तासांत परत आल्यास टोल लागत नाही, हा संदेश अनेक वर्षे फिरतो आहे. प्रत्यक्षात चोवीस तासांतील परतीच्या प्रवासाला एकेरी शुल्काच्या दीडपट आकारणी, एवढीच ती सवलत आहे. साठ किलोमीटरांच्या आतील दुसऱ्या नाक्यावर पैसे देऊ नयेत, असे आग्रहाने सांगितले जाते. परंतु साठ किलोमीटरांची मर्यादा नाका कोठे उभारावा यासाठी आहे, तिला लेखी कारणांसह अपवाद आहेत, आणि ती दाखवून एखाद्या वाहनचालकाला दांडा उचलायला लावता येत नाही. रांग शंभर मीटरांच्या पिवळ्या रेषेबाहेर गेली की सर्वांना मोकळीक, ही सूचना २०२१ साली खरोखरच निघाली होती, पण ती २०२४ मध्ये मागे घेण्यात आली. पत्रकारांचे ओळखपत्र दाखविल्याने शुल्क माफ होत नाही. सैन्यदलांना १९०१ च्या कायद्याने मिळालेली सूट कर्तव्यावर असलेल्यांसाठी आहे. महाराष्ट्रात लहान गाड्यांना टोल नाही, हा समज २०१५ साली राज्याच्या अखत्यारीतील ५३ नाक्यांवर आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर मिळालेल्या माफीतून उत्पन्न झाला. राष्ट्रीय महामार्गांना ती लागू नाही. याच्या उलट, दुचाकी आणि ट्रॅक्टर यांना राष्ट्रीय महामार्गावर शुल्क नाही हे खरे असताना, जून २०२५ मध्ये दुचाकींनाही टोल लागणार अशी अफवा उठली आणि केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांना तिचा इन्कार करावा लागला.

इतक्या अफवांना आश्रय का मिळतो, याचे उत्तर आपल्या इतिहासात काही अंशी सापडते. नांदेड आणि लातूर हे प्रदेश १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते, आणि त्या संस्थानच्या सरहद्दीवरील करोडगिरीचे, म्हणजे सीमाशुल्काचे, नाके हे रयतेच्या दृष्टीने जुलमाचे प्रतीक झाले होते; मुक्तिसंग्रामातील कार्यकर्त्यांनी सरहद्दीवरील कॅम्पांतून त्या नाक्यांवर चढाया केल्या, त्या याच भावनेतून. ज्या आकारणीत प्रजेला विचारले जात नव्हते आणि जिचा हिशेब प्रजेला मागता येत नव्हता, तिचा प्रतिकार हे नैतिक कर्तव्यच होते. पुढे शहरांच्या वेशीवरील जकातनाक्यांनीही नाकेदाराविषयीचा संशय कायम ठेवला. परंतु आजच्या आकारणीचे नियम राजपत्रात छापलेले आहेत, आणि त्यांचा हिशेब मागण्याची साधने नागरिकाच्या हाती आहेत. ती साधने न वापरता फवाऱ्याची बाटली हाती घेणे, म्हणजे नागरिकाने आपण होऊन पुन्हा मुक्या रयतेची भूमिका पत्करणे होय.

ती साधने कोणती? नाक्यापासून वीस किलोमीटरांच्या आत राहणाऱ्यास, त्याच्या खाजगी वाहनासाठी, २००८ च्या शुल्क नियमांनुसार अल्प दराचा मासिक पास मिळतो. २००७-०८ सालच्या पायावर तो दीडशे रुपयांचा होता, आणि दरवर्षी सुधारत आता साडेतीनशेच्या घरात आला आहे. महिन्याला पन्नास फेऱ्यांपर्यंतचा पास एकेरी शुल्काच्या दोन-तृतीयांश दराने घेता येतो. १५ ऑगस्ट २०२५ पासून खाजगी मोटारींसाठी तीन हजार रुपयांत एक वर्ष किंवा दोनशे फेऱ्या, यांपैकी जे आधी संपेल तोपर्यंतचा वार्षिक पास राष्ट्रीय महामार्गांवर उपलब्ध झाला. आणि सर्वांत महत्त्वाचे असे की, आपला टॅग वैध व चालू असताना नाक्याच्याच यंत्रात बिघाड झाल्यामुळे रक्कम वळती झाली नाही, तर २०१८ च्या दुरुस्तीनुसार वाहनास शुल्कावाचून जाऊ देणे आणि शून्य रकमेची पावती देणे नाक्यावर बंधनकारक आहे. चुकीची कपात झाली, कर्मचारी अरेरावी करू लागला किंवा रस्त्यावर मदतीची गरज पडली, तर १०३३ हा क्रमांक आहे.

रस्ताच वाईट असेल तर? त्यालाही उत्तर आहे. केरळातील त्रिशूर जिल्ह्यातल्या पालियेक्करा नाक्यावरील वसुली, रस्त्याच्या दुरवस्थेमुळे, तेथील उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्थगित केली आणि सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. आपल्याच राज्यात कोल्हापूरकरांनी प्राध्यापक एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासारख्यांच्या नेतृत्वाखाली शहरांतर्गत रस्त्यांवरील टोलविरुद्ध वर्षानुवर्षे उघड लढा दिला, आणि २०१५ च्या अखेरीस शासनाला तो टोल रद्द करण्याची घोषणा करावी लागली. प्लेटवर फवारा मारून कोल्हापूरचा एकही नाका उठला नसता.

म्हणून लातूर-नांदेडच्या वाटेवर रोज ये-जा करणाऱ्या शिक्षकाने, व्यापाऱ्याने आणि ट्रकमालकाने टोलविषयी दोन गोष्टी निश्चयाने कराव्यात. टॅग काचेवर नीट चिकटवावा, प्लेट स्वच्छ ठेवावी आणि देणे असेल ते द्यावे. आणि त्याच निश्चयाने पास मागावा, शून्य रकमेची पावती मागावी, खड्ड्यांची तक्रार लेखी करावी, तिची पोच घ्यावी आणि दाद न मिळाल्यास ती संघटितपणे वर न्यावी. ज्याने आपली बाजू स्वच्छ ठेवली आहे, त्याच्याच मागणीला कचेरीत वजन येते. आणि रस्ता सुधारण्याचा जो एकमेव मार्ग आजवर सिद्ध झाला आहे, तो अशा मागणीचाच आहे.